विनोदी नाटकातली शहाणी बाई: मल्लेश्वरम ते तंजावर

बंगळूरच्या मल्लेश्वरमला ज्या देवाचं नाव मिळालं, त्या काडु मल्लेश्वराच्या पूजाअर्चेसाठी व्यंकोजी भोसल्यांनी १६६९ साली मेदरनिंगनहळ्ळी हे गाव लावून दिलं, अशी तिथल्या शिलालेखाची नोंद आहे. तेव्हा ही जागा म्हणजे बंगळूरच्या कोटाबाहेरचं मल्लपूर नावाचं खेडं होतं. आजची संपिगे रोडभोवतीची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांमधली माणसं इकडे येऊन राहिली. बंगळूरची जहागीर १६३८ पासून व्यंकोजींचे वडील शहाजीराजे यांच्याकडे होती. १६६४ मध्ये ते वारले आणि ती व्यंकोजींकडे आली. पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतलं, आणि १६८७ मध्ये बंगळूर भोसल्यांच्या हातून कायमचं गेलं. मराठी वाचकाला व्यंकोजी आठवतात ते शिवाजीमहाराजांशी वाटणीवरून भांडलेले सावत्र भाऊ म्हणून. त्यांचा थोरला मुलगा शहाजी मात्र फारसा कुणाला आठवत नाही. त्याचा जन्म १६७२ चा मानला जातो, म्हणजे तंजावर मिळण्याच्या आधीचा. बारा वर्षांचा असताना तो गादीवर बसला, १७१२ पर्यंत त्यानं राज्य केलं, आणि या काळात त्यानं नाटकं लिहिली. मराठी भाषेतलं आज हाती असलेलं सर्वांत जुनं नाटक त्याच्याच नावावर आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ पासून, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’पासून सांगतो. या सवयीमुळे दीडशे वर्षांचा काळ विस्मरणात जातो, ही तक्रार नवी नाही. इतिहासकार राजवाड्यांनी तंजावरच्या नाटकांकडे लक्ष वेधलं त्यालाही शतक उलटलं. माझं म्हणणं निराळं आहे. १८४३ ला आरंभ मानल्यामुळे एक समजूत पक्की झाली: हसवणाऱ्या नाटकात बाईला खरी भूमिका मिळाली ती विसाव्या शतकात, सुधारणेच्या चळवळीमुळे आणि पाश्चात्त्य नाटकाच्या ओळखीमुळे, त्याआधी ती नुसती नायिका, नाही तर कजाग सासू. तंजावरचा पुरावा पाहिला की ही समजूत टिकत नाही. तिथल्या हसऱ्या नाटकांत शहाणपण बाईच्या तोंडी आहे, युक्तिवाद तिचा आहे, आणि ज्याच्यावर हसायचं तो पुरुष आहे. हे एखाद्या राजाच्या उदार स्वभावामुळे घडलं असं मला वाटत नाही. रंगमंचावर उभं कोण राहतं, यावर लेखणी काय लिहील ते ठरतं. बाई मंचावर असली की तिच्यासाठी बोलणं लिहिलं जातं. ती मंचावरून गेली की तिच्यासोबत ते बोलणंही आटतं.

तंजावरच्या या शहाजीराजांच्या नाटकांचा पसारा मोठा आहे. मराठीत वीसच्या आसपास, तेलुगूत तितकीच, शिवाय संस्कृत आणि तमिळमध्येही त्यांचं लेखन आहे. १६९० च्या आसपासचं ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ आपण आद्य मराठी नाटक म्हणून मोजतो. तेलुगू यक्षगानांची, म्हणजे गाण्यानाचाच्या नाटकांची, नुसती शीर्षकं पाहिली तरी नाटककाराची नजर कुठे आहे ते कळतं. ‘गंगापार्वतीसंवादमु’ आणि ‘रुक्मिणीसत्यभामासंवादमु’ यांत दोन सवतींचं बोलणं हेच नाटक आहे. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात चार देशांच्या राजकन्या कृष्णावर भाळतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते: तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी. कृष्ण उत्तर देतो ते संस्कृतात. तंजावरच्या प्रेक्षकाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नव्हती. त्या शहरात देवळाची भाषा एक, बाजाराची दुसरी, दरबारी कवितेची तिसरी आणि राजाच्या घरातली चौथी. संस्कृत नाटकाची जुनी रीत अशी की राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार आणि राणीसकट बहुतेक बायका प्राकृत बोलणार. शहाजीराजांनी ती रीत मोडली नाही, पण तिच्यातला तोल फिरवला. इथे बायकांच्या भाषा चार आहेत, चारही जिवंत आहेत आणि प्रेक्षकांच्या घरातल्या आहेत; देवाकडे एकच आहे, ती पोथीतली. बहुभाषकपणाची ही मौज मल्लेश्वरमच्या रहिवाशाला आजही सहज कळेल. कन्नड, तमिळ, तेलुगू आणि तंजावरहून परतलेल्या कुटुंबांची दक्षिणी मराठी बंगळुरात अजून कानावर पडते. म्हैसूरचे दिवाण टी. आनंदराव अशाच तंजावरी मराठी घराण्यातले. बंगळूरच्या आनंदराव सर्कलला त्यांचंच नाव आहे.

या सगळ्यांत ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू नाटक वेगळं काढून पाहायला हवं. ते शहाजीराजांच्या नावावर आहे आणि ते उघड प्रहसन आहे. मन्नारगुडीच्या विष्णुमंदिरात उत्सव चाललेला असतो. तिथे शिष्याला घेऊन आलेला एक विद्वान ब्राह्मण एका अस्पृश्य स्त्रीला पाहतो आणि भान हरपून बसतो. शिष्य त्याला शास्त्र सांगू लागतो. गुरू शास्त्राचेच दाखले उलटे फिरवून स्वतःची वासना रास्त ठरवतो. मग तो त्या स्त्रीपुढे जातो, आणि खरं नाटक तिथे सुरू होतं. ती लाजत नाही, आरडाओरडा करत नाही. ती त्याला त्याचाच धर्म समजावून सांगते. आपण कोण, तू कोण, तुझ्या जातीचे नियम कोणते आणि ते तू कुठे सोडतो आहेस, हे ती एकेक करून त्याच्यापुढे मांडते. ज्याचा जन्म पोथ्या वाचण्यात गेला त्याला पोथीबाहेर ठेवलेली बाई धर्म शिकवते, ही या प्रहसनाची मध्यवर्ती कल्पना. शेवटी तिचा नवरा येतो, ब्राह्मण त्याच्याकडे सरळ तिचं दान मागतो, आणि नवरा दातृत्वाच्या भरात ते देऊ करतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. नाटकाच्या नावातलं शौर्य नवऱ्याचं आहे. बाई शेवटी दानाची वस्तू ठरते. मग ही भूमिका बळकट कशी? आक्षेप बिनतोड वाटतो, पण नाटक हसतं आहे कुणावर ते पाहिलं की त्याची धार जाते. पुराणांत आणि शैव भक्तकथांत बायको किंवा मूल देऊन टाकणाऱ्या दात्यांची स्तुती भरपूर आहे, आणि तंजावरचा प्रेक्षक त्या कथांवर वाढलेला होता. प्रहसनात तीच उदात्त कृती एका बेताल ब्राह्मणाच्या मागणीपुढे आणून उभी केली आहे, तेव्हा तिचं वेडेपण उघडं पडतं. मागणारा वेडा, देणारा वेडा, आणि दोघांच्या मध्ये एकच माणूस शुद्धीवर: जिचं दान होतं आहे ती. नाटककारानं तिची सुटका केली नाही हे खरं. पण त्यानं तिला बुद्धी दिली, आणि विनोदी नाटकात बुद्धी ज्याच्याकडे असते त्याच्याच बाजूनं प्रेक्षक बसतो.

दुसरा आक्षेप संस्कृतच्या जाणकारांचा. प्रहसनात बाईला मोठी जागा मिळणं हे तंजावरचं वैशिष्ट्य कसं मानायचं? ‘भगवदज्जुकम्’ तर त्याच्या हजारएक वर्षं आधीचं आहे, आणि त्यात गणिकेची भूमिका केवढी रंगतदार आहे! रंगतदार आहे, यात शंका नाही. तिच्या मृत शरीरात संन्यासी शिरतो, ती शास्त्र बोलू लागते आणि प्रेक्षक हसतात. पण तिच्या तोंडून बोलतो तो संन्यासी. गणिकेच्या मुखी ज्ञान आलं हाच तिथला विनोद. म्हणजे ज्ञान तिचं असूच शकत नाही हे गृहीत धरल्याशिवाय हसू येत नाही. ‘सतीदानशूरमु’मधल्या स्त्रीच्या अंगात कुणी शिरलेलं नाही. ती जे बोलते ते तिचं स्वतःचं आहे. या दोन नाटकांमधलं हे अंतर मला फार मोलाचं वाटतं.

आणि ही एका राजाची लहर नव्हती. शंभर वर्षांनी त्याच गादीवर आलेल्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्याचा साचा ठरलेला: नायिका विरहात असते, डोंगरातली कुरव जमातीची भविष्य सांगणारी बाई येते, आपल्या डोंगराचं आणि भटकून पाहिलेल्या देशांचं वर्णन करते, नायिकेचा हात पाहते, बक्षिसी घेते, मग तिचा पारधी नवरा तिला शोधत येतो, तिच्या अंगावरचे नवे दागिने पाहून संशयानं प्रश्न विचारतो, आणि ती त्याला एकेका उत्तरात गप्प करते. नायिका उच्चकुळातली असते, पण नाटक चालतं ते या भटक्या बाईच्या जिभेवर. प्रकाराला नावही तिचंच आहे. सरफोजीराजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले, युरोपातली पुस्तकं आणि नकाशे जमवणारे. त्यांनी साच्यातली एकच गोष्ट बदलली. त्यांची कुरवंजी इंद्राणीला आसपासच्या क्षेत्रांचं वर्णन सांगत नाही. ती साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडांची आणि देशांची नावं घेते. मराठीत आधुनिक भूगोल गाण्यांतून शिकवणारी ही रचना, आणि शिकवणारी कोण, तर टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई. शिकणारी स्वर्गाची राणी. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ साली. त्याच्या किमान सोळा वर्षं आधी मराठी नाटकात एक बाई दुसऱ्या बाईला जगाचा नकाशा समजावून सांगत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, आणि फुल्यांच्या कामाशी या नाटकाची तुलना होऊ शकत नाही. तरीही मराठीच्या इतिहासात या नोंदीला जागा हवी, असं मी आग्रहानं म्हणेन.

आता कारणाकडे येतो. तंजावरात हे का घडलं? नायक राजांच्या काळापासून त्या दरबारात गाणाऱ्या, नाचणाऱ्या, नाटकात उभ्या राहणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या काही लिहिणाऱ्याही होत्या. व्यंकोजींच्या आधीचा शेवटचा मोठा नायक राजा विजयराघव याच्या दरबारातल्या रंगाजम्मानं ‘मन्नारुदासविलासमु’ हे यक्षगान लिहिलं. मराठ्यांनी राज्य घेतलं, पण दरबाराची ही रीत मोडली नाही. अठराव्या शतकात प्रतापसिंहांच्या दरबारी मुद्दुपळनीनं ‘राधिकासांत्वनमु’ लिहिलं. सरफोजीराजांच्या गौरवार्थ रचलेली तमिळ ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या देवळात देवदासी नाचून दाखवत. लिहिणाऱ्यासमोर अशा स्त्रिया होत्या, ज्यांना चार भाषा येत, शृंगारकाव्य पाठ असे आणि भर सभेत उत्तर देण्याची सवय होती. त्यांच्यासाठी मुकी नायिका लिहिणं म्हणजे हाताशी असलेलं सामर्थ्य वाया घालवणं होतं.

इथे कुणी मेलट्टूरच्या भागवतमेळ्याकडे बोट दाखवेल. तंजावरच्याच मुलखातली ही नाट्यपरंपरा, आणि तिच्यात स्त्रीभूमिका ब्राह्मण पुरुष करत आले. खरं आहे. पण त्या नाटकांचा गाभा भक्तीचा आहे. प्रल्हादाची कथा, नृसिंहाचा अवतार. तिथली लीलावती आई म्हणून हृदय हलवते, पण वाद घालून पुरुषाला निरुत्तर करणारी हजरजबाबी बाई त्या मंचाची ओळख झाली नाही. एकाच प्रदेशात, एकाच राजवटीखाली दोन मंच होते. एकावर बायका होत्या, दुसऱ्यावर नव्हत्या. खमकी, हसवणारी बाई पहिल्या मंचावर वाढली. माझ्या म्हणण्याला याहून जवळचा पुरावा मिळणं कठीण.

सांगलीकडे पाहिलं की हेच उलट बाजूनं दिसतं. भाव्यांना प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांतून, आणि ती मंडळी पुरुषांची. नव्या मराठी रंगभूमीनं हाच वसा घेतला. स्त्रीभूमिका मुलं आणि तरुण पुरुष करू लागले, पुढे बालगंधर्वांच्या रूपानं ती कला शिखराला गेली, आणि स्त्रीचं सौंदर्य, शालीनता, करुणा यांचे उत्तम नमुने मराठी प्रेक्षकानं पुरुषांच्या अंगावर पाहिले. विनोद मात्र बहुतेक पुरुष पात्रांकडे राहिला. आधी विदूषक, मग फार्समधला नोकर, मग गडकऱ्यांचे विसरभोळे आणि कंजूष. याच सुमारास तमाशाच्या फडात काय चाललं होतं तेही पाहावं. तिथे पठ्ठे बापूरावांच्या जोडीला पवळा उभी राहिली, आणि सवालजबाबात बाईचं उत्तर हे खेळाचं आकर्षण बनलं. पांढरपेशा नाटकात हरवलेली गोष्ट बोर्डावर जिवंत होती, कारण बोर्डावर बाई होती.

‘भावबंधन’मधली लतिका हा मात्र मला विचार करायला लावणारा दाखला आहे. गडकऱ्यांनी मृत्यूच्या उंबरठ्यावर, १९१९ साली पुरं केलेलं हे नाटक. लतिका गर्विष्ठ, तल्लख, समोरच्याला शब्दांत अडकवणारी. आणि ती रंगवली मास्टर दीनानाथांनी. म्हणजे बाई मंचावर नसतानाही अशी भूमिका लिहिली गेली. हा अपवाद मी मान्य करतो, आणि त्याचं श्रेय गडकऱ्यांच्या प्रतिभेचं. पण त्याच नाटकाचा शेवट काय शिकवतो? लतिकेचा ताठा उतरतो. तिच्या थट्टेची किंमत तिलाच मोजावी लागते. तिची बुद्धी नाटकाला हवी असते ती मोडून दाखवण्यापुरती. तंजावरच्या त्या निनावी बाईची बुद्धी कुणी मोडत नाही.

बदल आला तो बायका मंचावर परतल्या तेव्हा, आणि किती झपाट्यानं आला! हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा घातला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या. लगोलग, १९३६ मध्ये, अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’त रश्मी अवतरली: पुरुषांच्या लंपटपणाला खेळवणारी सिनेनटी, जिच्याभोवती सगळं नाटक फिरतं. पुढे १९६५ मध्ये वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’नं तमाशातली हजरजबाबी बाई शहरी नाट्यगृहात आणली, आणि १९७५ मध्ये पुलंच्या ‘ती फुलराणी’त भक्ती बर्व्यांनी मंजुळा केली. फुलराणीचं मूळ शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये आहे, हे सगळेच सांगतात. पण परकं बी आपल्या मातीत असं फोफावलं, ते एक अभिनेत्री ती भाषा, तो राग आणि तो हशा पेलायला समोर होती म्हणून. कर्नाटकात आर. नागरत्नम्मांनी १९५८ मध्ये निव्वळ बायकांची स्त्री नाटक मंडळी काढली आणि कंसासारख्या पुरुषी भूमिका स्वतः केल्या. मंच हाती आला की बाई किती दूर जाते, याचं ते ठळक उदाहरण.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. तंजावरच्या त्या स्त्रिया स्वतंत्र नव्हत्या. राजाची आणि देवळाची चाकरी, पिढीजात बंधन, शरीरावर दुसऱ्याची सत्ता, हे त्यांचं आयुष्य होतं. अशा व्यवस्थेत लिहिलेल्या भूमिकांना बळकट म्हणायचं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं नाही का? १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी अर्पण करण्याविरुद्ध कायदा झाला तो योग्यच झाला, आणि त्यासाठी मुथुलक्ष्मी रेड्डींसारख्यांनी केलेला संघर्ष आदरानं आठवला पाहिजे. पण बंधन तोडताना त्या स्त्रियांची विद्याही अश्लील म्हणून फेकून दिली गेली, हा दुसरा अन्याय. याची साक्ष म्हणजे गायिका बंगळूर नागरत्नम्मांचा लढा (या वर आलेल्या नाटक मंडळीच्या नागरत्नम्मा नव्हेत). मुद्दुपळनीच्या काव्यातला स्त्रीचा मोकळा आवाज कापून छापला गेला होता. नागरत्नम्मांनी १९१० मध्ये ते संपूर्ण छापून घेतलं, त्यावर बंदी आली, आणि ती उठायला स्वातंत्र्याचं वर्ष उजाडावं लागलं. ज्या दरबारात शहाजीराजांची प्रहसनं झाली त्याच दरबारातल्या एका स्त्रीच्या शब्दांची ही गत झाली. तेव्हा त्या भूमिकांना बळकट म्हणण्यात मला त्या व्यवस्थेचा गौरव करायचा नाही. जगण्यात काहीच हाती नसलेल्या बायकांना मंचावर शहाण्या माणसाची जागा होती, आणि ती जागा त्यांनी आपल्या विद्येच्या बळावर धरून ठेवली होती, एवढं मला नोंदवायचं आहे.

तेलुगू नाटकांना मराठीच्या खात्यावर का मांडायचं, हा प्रश्नही विचारला जाईल. मांडायचं नाहीच. ती तेलुगूचीच आहेत. परंतु मराठी बोलणाऱ्या राजानं, मराठी नाटकं लिहिणाऱ्या त्याच हातानं ती लिहिली, तेव्हा त्याच्या मराठी नाटकांचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. तंजावर आणि सांगली यांच्यामध्ये अखंड परंपरा होती असा दावाही मी करत नाही. तसा दुवा मला दिसत नाही. दोन्ही ठिकाणी एकच नियम लागू पडला, इतकंच माझं म्हणणं.

ही नाटकं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ तर १९५० सालीच छापली गेली आहे. रंगकर्मींना माझी विनंती आहे की त्यांनी त्या छापील प्रतीपासून सुरुवात करावी. ‘सतीदानशूरमु’चं रंगमंचावर बोलता येईल असं मराठी भाषांतर तेलुगू जाणणाऱ्या मराठी लेखकानं करावं, बंगळुरात आणि हैदराबादेत असे लेखक आहेत. त्याचा पहिला प्रयोग पुण्या-मुंबईत होण्याची वाट पाहू नये. तो मल्लेश्वरमात व्हावा, आणि त्या बाईची भूमिका एखाद्या ताकदीच्या अभिनेत्रीनं मागून घ्यावी.